सेक्टर २, पण कुठला?

नावडे फाट्यावर रिक्षात बसून ‘सेक्टर २ ला सोडा’ म्हटलं की रिक्षावाला मागे वळून काही विचारत नाही. भाड्यावरून घासाघीस होईल, पत्त्यावरून नाही. हेच वाक्य वाशी स्टेशनबाहेर टाकलं तर माणूस भलत्याच सेक्टर २ मध्ये उतरतो, ऐरोलीत टाकलं तर आणखी तिसऱ्याच. सिडकोने नवी मुंबईचे नोड आखले, तेव्हा सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडात नव्याने एकपासून मोजले. त्यामुळे नोडच्या हद्दीत हा आकडा पुरेसा आहे आणि हद्द ओलांडली की अपुरा.

‘नावडे’ या नावाचंही तेच. जुन्या गावकऱ्याचं नावडे म्हणजे गाव. कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्याचं नावडे म्हणजे सिडकोचा नोड. दिवा–पनवेल मार्गावरच्या प्रवाशाचं नावडे म्हणजे नावडे रोड स्टेशन. तिघेही बरोबर आहेत. फक्त तिघांना एका टेबलावर बसवून ‘नावडे किती लांब?’ विचारू नये.

एखादं नाव कुठून कुठपर्यंत ओळखलं जातं, या हद्दीला प्रोग्रामिंगमध्ये ‘स्कोप’ म्हणतात. बारावीच्या व्हायवात बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारतात, ‘लोकल आणि ग्लोबल व्हेरिएबलमधला फरक सांगा.’ मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, गुण मिळतात, आणि पहिला खरा प्रोग्राम लिहिताना नेमकं तिथेच अडखळतात. व्याख्या पाठ होते, पण हद्द दिसत नाही. ती दिसावी म्हणून फाट्यावरून थोडं पुढे जाऊ.

नावड्याला लागून तळोजा एमआयडीसी आहे. कारखानदारीत ‘जॉबवर्क’ हा रोजचा शब्द. मोठा कारखाना आपला कच्चा माल चलन बनवून छोट्या वर्कशॉपकडे पाठवतो, तिथे त्यावर काम होतं आणि तयार माल पुन्हा चलनावरच परत येतो. वर्कशॉपमध्ये कुठलं लेथ आहे, मोजपट्टी कुठे टांगली आहे, मधल्या टप्प्याला माल कुठल्या ट्रेमध्ये ठेवतात, याच्याशी मोठ्या कारखान्याला देणंघेणं नसतं. गेटवर दोनच गोष्टींची नोंद होते: आत काय गेलं आणि बाहेर काय आलं.

प्रोग्राममधलं ‘फंक्शन’ म्हणजे हे वर्कशॉप. आत जाणारा माल म्हणजे पॅरामीटर. आतले ट्रे म्हणजे लोकल व्हेरिएबल, जे काम सुरू होताना मांडले जातात आणि काम संपलं की आवरले जातात. परत येणारा माल म्हणजे रिटर्न व्हॅल्यू. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो विकलाच असं धरलं जातं. फंक्शनने काहीच परत केलं नाही तर काय धरायचं, हे मात्र प्रत्येक भाषा आपापल्या स्वभावानुसार ठरवते.

आता एक प्रोग्राम जवळून पाहू. समजा, नावड्यातल्या चाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीत खजिनदारांची मुलगी कॉलेजात पायथन शिकते आहे आणि वडिलांसाठी मेंटेनन्सची बिलं काढायला बसली आहे. थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळव्याज लावायचं, म्हणजे आदर्श उपविधींनी घालून दिलेली कमाल मर्यादा. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत लिहिता येतात, तेव्हा तिने नावं मराठीतच ठेवली. ‘डेफ’, ‘प्रिंट’ वगैरे शब्द पडद्यावर रोमनमध्येच लिहावे लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून तेही देवनागरीत.

एकूण = ०

डेफ बिल(मासिक, थकबाकी):
    व्याज = थकबाकी * २१ / १०० / १२
    एकूण = मासिक + थकबाकी + व्याज
    प्रिंट(एकूण)

एका फ्लॅटचा मासिक आकार २४०० रुपये आणि थकबाकी ४००० रुपये असेल, तर महिन्याचं व्याज ७० रुपये आणि बिल ६४७० रुपये. पडद्यावर ६४७०.० येतं. चाळीस फ्लॅटसाठी चाळीस आकडे येतात, सगळे बरोबर. शेवटी सोसायटीची बेरीज पाहावी म्हणून ती लिहिते, प्रिंट(एकूण). पडद्यावर येतं शून्य.

पायथन खोटं बोललेला नाही. फंक्शनच्या बाहेरचा ‘एकूण’ आणि आतला ‘एकूण’ हे वाशीच्या आणि नावड्याच्या सेक्टर २ सारखे नावापुरते एक आहेत. आतला ‘एकूण’ चाळीस वेळा जन्मला आणि चाळीस वेळा आवरला गेला. बाहेरच्या, म्हणजे ग्लोबल, ‘एकूण’ला कोणी हात लावलाच नाही, तो शून्यावर होता तसाच राहिला.

मग ती आतली ओळ बदलते. एकूण = एकूण + मासिक + थकबाकी + व्याज, म्हणजे बाहेरच्या आकड्यात भर पडेल असा हिशेब; ‘प्रिंट’मध्ये मात्र मासिक + थकबाकी + व्याज एवढंच ठेवते. आता पायथन आकडाच देत नाही, तक्रार करतो: या लोकल व्हेरिएबलला अजून किंमतच दिलेली नाही. नवशिके इथे हमखास चक्रावतात, कारण किंमत तर वर पहिल्याच ओळीत दिली आहे. खरी गोष्ट अशी की फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून किंमत भरली, की पायथन ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरतं लोकल ठरवून टाकतो, आणि हा निर्णय प्रोग्राम चालण्याआधीच होतो. त्यामुळे उजवीकडचा ‘एकूण’ही आतलाच समजला जातो, आणि आत तर अजून काहीच नाही.

यावर उपाय म्हणून कोणी तरी मैत्रीण सांगते, ‘फंक्शनच्या पहिल्या ओळीत ग्लोबल एकूण असं लिही.’ लिहिल्याबरोबर सगळं चालू. बेरीज बरोबर येते. वडील खूश.

दुसऱ्या दिवशी बारा नंबरच्या फ्लॅटवाल्याचं बिल हरवतं आणि तो पुन्हा प्रिंट मागतो. ती बिल(२४००, ४०००) पुन्हा चालवते. कागद निघतो, आणि सोसायटीच्या एकूण येण्यात गुपचूप ६४७० रुपयांची भर पडते. पडद्यावर लाल अक्षर नाही, तक्रार नाही. महिनाअखेर बँकेच्या पासबुकाशी ताळा करताना कळेल तेव्हा कळेल.

ग्लोबल व्हेरिएबलविषयी जाणकार मंडळी नाक मुरडतात ती एवढ्यासाठी. ‘बिल’ या नावावरून वाटतं की हे फंक्शन बिल काढतं. ते गेटवर नोंद न करता मागच्या दाराने तिजोरीतही हात घालतं, हे नावावरून कळत नाही. १९७३ साली विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ या दोन अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक का, यावर एक निबंधच लिहिला. अर्धं शतक उलटूनही तो जुना वाटत नाही. ओक्लाहोमा राज्यात टोयोटाच्या मोटारी आपोआप वेग घेतात या आरोपावरून २०१३ मध्ये खटला चालला, तेव्हा साक्षीला आलेल्या तज्ज्ञाने गाडीच्या नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये दहा हजारांहून अधिक ग्लोबल व्हेरिएबल असल्याचं दाखवून दिलं. ज्युरीचा निकाल कंपनीविरुद्ध गेला. केवळ ग्लोबलमुळे तो तसा लागला असं म्हणणं सोपं होईल, पण आक्षेप इतरही अनेक होते. तरी दहा हजार ट्रे उघड्यावर मांडलेल्या वर्कशॉपमध्ये कोणी कुठला ट्रे उचलला हे सांगणार कोण, हा प्रश्न उरतोच.

पायथन निदान अडवून विचारतो. सगळ्या भाषा इतक्या शिस्तीच्या नाहीत. महाराष्ट्रात बारावी विज्ञानाच्या इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी विषयात जावास्क्रिप्ट आणि पीएचपी अशा दोन्ही भाषा एकाच वर्षी येतात, आणि हद्दीच्या बाबतीत या दोघी सख्ख्या जावा म्हणाव्यात इतक्या वेगळ्या. जावास्क्रिप्टचं फंक्शन बाहेरची नावं खुशाल पाहतं. इतकंच नाही, तर आत ‘व्हार’ किंवा ‘लेट’ न लिहिता नव्या नावाला किंमत दिली, तर ते परस्पर ग्लोबल होऊन बसतं. पीएचपीचं फंक्शन उलट सोवळ्यातलं: बाहेरचं नाव त्याला दिसतच नाही, ‘ग्लोबल’ असं स्पष्ट लिहून आत आणावं लागतं. एका तासाला जावास्क्रिप्टमध्ये चाललेली युक्ती पुढच्या तासाला पीएचपीत ‘व्हेरिएबल सापडत नाही’ म्हणते. मुलांना वाटतं आपलंच काही तरी चुकलं. वास्तविक दोष असेल तर तो दोन भाषांचे कायदे शेजारी मांडून न दाखवण्याचा आहे.

जावास्क्रिप्टची ढिलाई तिच्या जन्माशी निगडित आहे. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. ‘व्हार’ने केलेलं व्हेरिएबल कंसांच्या जोडीत कितीही खोल लिहिलं तरी अख्ख्या फंक्शनभर ओळखलं जाई. कंसाची हद्द मानणारं ‘लेट’ २०१५ मध्ये आलं, म्हणजे वीस वर्षांनी.

पीएचपीच्या सोवळ्यालाही पूर्वी एक भलंमोठं भगदाड होतं. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची एक सोय चालू असली, की वेबपत्त्याच्या शेवटी पाहुण्याने जे काही लिहिलं ते प्रोग्राममध्ये थेट ग्लोबल व्हेरिएबल बनून उतरे. प्रोग्रामरने ‘ॲडमिन’ नावाच्या व्हेरिएबलला आधी किंमत द्यायला विसरावं, आणि पाहुण्याने पत्त्यात ‘ॲडमिन बरोबर १’ असं लिहून आत शिरावं. सोसायटीच्या गेटवर आलेल्या कोणालाही मीटिंगच्या वहीत ठराव लिहू द्यावा, तशातला प्रकार. २००२ मध्ये ही सोय मुळात बंद ठेवून देण्यात येऊ लागली आणि २०१२ मध्ये ती भाषेतूनच काढून टाकली.

नाव शोधण्याचा क्रमही समजून घेण्यासारखा आहे. पायथन आधी फंक्शनच्या आत पाहतो. तिथे नसेल तर ते फंक्शन ज्या दुसऱ्या फंक्शनच्या पोटात लिहिलं आहे तिथे. मग फाइलभर पसरलेल्या ग्लोबल नावांत. आणि सगळ्यात शेवटी भाषेने स्वतः दिलेल्या नावांत. फ्लॅट, विंग, सोसायटी, शहर. जवळचं नाव लांबच्याला झाकतं. म्हणून एखाद्याने बेरजेच्या व्हेरिएबलला ‘सम’ असं इंग्रजी नाव ठेवलं, की पायथनचं स्वतःचं ‘सम’ हे बेरीज करणारं फंक्शन त्याखाली गाडलं जातं, आणि दहा ओळींनंतर ते वापरायला गेलं की ‘हा तर पूर्णांक आहे, याला हाक मारता येत नाही’ असा निरोप येतो. चूक दहा ओळी वर झालेली असते, बोंब खाली होते.

आता पुन्हा रिक्षावाल्याकडे, कारण त्याच्या वागण्यात एक जुना वाद दडलेला आहे. तो सेक्टर २ चा अर्थ कशावरून लावतो? आपण कुठे उभं राहून बोलतो त्यावरून. पण नावड्यातल्या सोसायटीच्या फळ्यावर ‘सेक्टर २ चं पाणी उद्या बंद’ अशी नोटीस लागली आणि तिचा फोटो कोणी वाशीत बसून वाचला, तरी पाणी नावड्याचंच बंद होतं. तिथे अर्थ ठरतो तो नोटीस कुठे लिहिली त्यावरून. संगणकाच्या भाषांतही हे दोन पंथ आहेत. सुरुवातीच्या लिस्पमध्ये रिक्षावाल्याचा कायदा होता: फंक्शनला जिथून हाक मारली तिथली नावं त्याला दिसत. अल्गोल ६० ने फळ्याचा कायदा उचलला: फंक्शन जिथे लिहिलं तिथली नावं खरी. १९७५ मध्ये गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी स्कीम ही लिस्पची बोली घडवली तेव्हा तिलाही फळ्याचाच कायदा लावला. आज बहुतेक भाषा तोच पाळतात, कारण कागद वाचून अर्थ कळतो. कोणी कुठून हाक मारली याचा माग काढत बसावं लागत नाही. लिनक्सच्या काळ्या पडद्यावरचा बॅश मात्र अजून रिक्षावाल्याच्या पंथातला आहे.

एकच नाव अनेक ठिकाणी असण्याचा पेच टपाल खात्यालाही सुटता सुटत नव्हता. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे गृहस्थ टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. गावाचं नाव तसंच ठेवायचं, फक्त त्याच्यामागे हद्दीचा आकडा लावायचा: वाशी ४००७०३, खारघर ४१०२१०. प्रोग्रामर मंडळीही लायब्ररीतल्या फंक्शनच्या नावाआधी लायब्ररीचं नाव आणि टिंब लिहितात, ते याच कारणाने.

हद्दीचं पुराण इतकं लांबलं, पण नवशिक्यांना अधिक छळते ती दुसरी गोष्ट. परत करणं.

‘रिटर्न’ या शब्दात दोन परतण्या आहेत. एक, काम संपवून मूळ जागी येणं. केंब्रिजचा एडसॅक संगणक ६ मे १९४९ ला पहिल्यांदा चालला, तेव्हा ही साधी परतणीसुद्धा यंत्राला येत नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनी तोड काढली: सबरूटीनकडे, म्हणजे त्या काळच्या फंक्शनकडे, जाताना आपण कुठून निघालो तो पत्ता सोबत न्यायचा, आणि सबरूटीनने आत शिरल्या शिरल्या आपल्याच शेवटच्या ओळीवर तो पत्ता कोरून ठेवायचा. जाताना रिटर्न तिकीट काढून खिशात ठेवण्यासारखंच. दुसरी परतणी मालाची. फंक्शन परतलं, पण हातात काय घेऊन?

आपल्या मुलीच्या ‘बिल’मध्ये ‘रिटर्न’ ही ओळच नाही. ती जर लिहायला गेली, सगळं = सगळं + बिल(२४००, ४०००), तर पायथन म्हणेल: पूर्णांकात ‘नन’ मिळवता येत नाही. ‘नन’ म्हणजे काहीच नाही. पण पडद्यावर तर ६४७०.० दिसलं होतं! दिसलं, कारण ‘प्रिंट’ने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वर्कशॉपच्या दारात उभं राहून ‘माल तयार आहे हो’ असं ओरडलं म्हणून माल कारखान्यात पोचत नाही. दाखवणं माणसासाठी असतं, परत करणं प्रोग्रामसाठी.

हा घोळ मुलांच्या आळसातून येत नाही, शिकवण्याच्या रिवाजातून येतो. जर्नलमध्ये प्रोग्राम लिहायचा आणि खाली ‘आउटपुट’ चिकटवायचं. जे पडद्यावर दिसलं तेच आउटपुट, तेच गुणांचं. त्यामुळे पहिलं वर्षभर मुलं फक्त दाखवायला शिकतात. शिवाय आपल्याकडच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचा टर्बो सी पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि त्याच्यासोबत ‘व्हॉइड मेन’ हे शब्द हाताला चिकटले. व्हॉइड म्हणजे मी काही परत करणार नाही. सी भाषेच्या प्रमाणित नियमांप्रमाणे ‘मेन’ने पूर्णांक परत करायचा असतो, आणि सगळं सुरळीत झालं असेल तर तो पूर्णांक शून्य. जिथे शून्य गुण म्हणजे नापास, तिथे हे उलटंच वाटतं. पण व्यवस्थित पार पडण्याचा प्रकार एकच आणि फसण्याचे प्रकार शंभर. एक ते पुढचे आकडे त्या शंभरांसाठी मोकळे ठेवले आहेत.

सी परत करण्याच्या बाबतीत बेफिकीरही आहे. पूर्णांक देईन असं कबूल करून फंक्शनने ‘रिटर्न’ लिहिलंच नाही आणि कोणी तो आकडा वापरला, तर हाती काहीही लागू शकतं. त्याहून वाईट म्हणजे लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत करणं. अकरा महिन्यांचा करार संपून भाडेकरू निघून गेला, आणि त्याच्या नावाची पत्रं त्याच खोलीवर येत राहिली. खोली आहे, पत्ता आहे, राहणारा दुसराच.

मराठीतून हे सगळं ऐकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसच्या मालिकेत फंक्शन आणि व्हेरिएबलचा स्कोप यांवर स्वतंत्र पाठ आहेत, मराठी आवाजात. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने तर देशभरातल्या कॉलेजांना सी शिकवलं, पुस्तक इंग्रजी, लेखक आपल्यातला.

नावड्यातली मुलगी शेवटी ‘ग्लोबल’ची ओळ खोडते, आतल्या व्हेरिएबलचं नाव ‘रक्कम’ करते आणि ‘प्रिंट’च्या जागी लिहिते ‘रिटर्न रक्कम’. बेरीज बाहेर, जिथे चाळीस फ्लॅटची यादी आहे तिथे. आता बारा नंबरचं बिल दहादा काढलं तरी एकूण हलत नाही. बिलं पूर्ण रुपयांत निघावीत म्हणून ती परत करण्याआधी पायथनचं ‘राउंड’ लावते आणि वडिलांच्या रजिस्टराशी ताडून पाहते. एका फ्लॅटपाशी एक रुपयाचा फरक येतो. थकबाकी ६०० रुपये, व्याज साडेदहा रुपये, बिल ३०१० रुपये ५० पैसे. वडिलांनी शाळेत शिकवल्याप्रमाणे ३०११ लिहिलेत. पायथन ३ चं ‘राउंड’ नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे झुकतं, म्हणून त्याने परत केले ३०१०.